उणे पंचवीसला बाहेर पडताना: ओउलूला येणाऱ्या एका ट्रेकर कुटुंबासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक जोडपं नोकरीसाठी नोव्हेंबरात उत्तर फिनलंडमधल्या ओउलू शहरात येतंय. दोघंही गेली पंधरा वर्षं सह्याद्रीत ट्रेक करतात, सोबत सहा वर्षांची मुलगी आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: उणे पंचवीसमध्ये माणसं रोजचे व्यवहार कसे करतात, पुण्याहून कोणते कपडे आणावेत, आणि पहिल्याच हिवाळ्यात तंबू घेऊन बर्फात मुक्काम करता येईल का.

मी मूळची साताऱ्याची. ओउलूत चौदा हिवाळे काढलेत. आठवडाभर दूरसंचार क्षेत्रात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना स्कीवर रानात घेऊन जाते. रानातल्या वाटाड्याचं इथे रीतसर प्रशिक्षण असतं, त्याला ‘एराओपास’ म्हणतात, ते मी केलं आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पहिल्या हिवाळ्यात तंबू नको. मार्चमध्ये लाकडी झोपडीत मुक्काम मात्र जरूर करा. यामागचं कारण एकदा पटलं की कपड्यांचा आणि रोजच्या जगण्याचा प्रश्नही बराचसा सुटेल, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ते कारण म्हणजे घाम.

सह्याद्रीत घामाचं आपल्याला काहीच वाटत नाही. चढ चढलो, शर्ट पाठीला चिकटला, खिंडीत वारा लागला की बरं वाटतं. मीही तीच सवय घेऊन इथे आले. पहिल्या फेब्रुवारीत रोकुआ राष्ट्रीय उद्यानात गेले होते. ओउलूपासून गाडीने तासा-सव्वातासावर असलेला, वाळूच्या जुन्या टेकड्यांवर पाइन वाढलेला हा सुंदर मुलूख. तापमान उणे १८, ऊन पडलेलं, अंगात जोर. दोन तास दणकून स्की केलं. आत सुती टी-शर्ट, वर स्वेटर, त्यावर जाड जॅकेट. लाआवूपाशी, म्हणजे एका बाजूने उघड्या लाकडी निवाऱ्यापाशी, जेवायला थांबले आणि पाचेक मिनिटांत दात वाजायला लागले. दहा मिनिटांनी जॅकेटची चेन बोटांना ओढता येईना. शेजारी सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीला हात लावून बघितला, ‘हिकी’ एवढंच म्हणाल्या, स्वतःच्या पिशवीतून कोरडा लोकरी सदरा काढला आणि मला तिथल्या तिथे कपडे बदलायला लावले. हिकी म्हणजे घाम. फिन्निश भाषेतला तो शब्द मला तेव्हापासून कधी आठवावा लागला नाही.

यात गूढ काही नाही. कपडे स्वतः ऊब देत नाहीत, ते अंगाची ऊब धरून ठेवतात, आणि ती धरली जाते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत. त्या हवेच्या जागी पाणी आलं की ऊब झपाट्याने बाहेर जाते. सूत पाणी पितं आणि सोडत नाही. लोकर ओली झाली तरी तिच्यात थोडी हवा शिल्लक राहते. म्हणून इथे थंडीशी झगडण्यापेक्षा स्वतःला कोरडं ठेवण्यावर सगळं लक्ष असतं. घरातून निघताना पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर तुम्ही जास्त कपडे घातलेत, आणि अर्ध्या तासाने भिजणार आहात. चढ दिसला की चढण्याआधी थांबा आणि एक थर काढा. थांबल्यावर, थंडी वाजण्याची वाट न बघता, लगेच जाड जॅकेट चढवा. हे ऐकायला सोपं आहे, पण अंगवळणी पडायला एक पूर्ण हिवाळा लागतो. तंबूत तर चूक सुधारायला ऊबदार खोली जवळ नसते. रात्रभराच्या श्वासातली वाफ स्लीपिंग बॅगमध्ये गोठते आणि दुसऱ्या रात्री ती बॅग पहिल्या रात्रीइतकी ऊब देत नाही. म्हणून म्हटलं, तंबू पुढच्या वर्षी.

आता कपडे. पुण्याहून जॅकेट आणू नका. तिथे जे ‘स्नो जॅकेट’ म्हणून मिळतं ते बहुतेक मनालीच्या चार दिवसांसाठी असतं. अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा, वरखाली दोन्ही. त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस. सर्वांत बाहेर वारा अडवणारं, पण आतली वाफ बाहेर सोडणारं कवच. याशिवाय पिशवीत एक ढगळ जाड जॅकेट, थांबल्यावर सगळ्यांच्या वरून घालायला. बूट नेहमीपेक्षा एक-दोन नंबर मोठे, आतला नमद्याचा थर काढून वाळवता येईल असे. पाय गारठले की आपण दुसरा मोजा चढवतो आणि बूट घट्ट होतो. रक्त फिरायचं थांबतं आणि पाय आणखी गार पडतात. हातांसाठी पाच बोटांचे मोजे शहरात ठीक, पण उणे पंधराच्या खाली चारही बोटं एकत्र राहतील असे पिशवीसारखे मोजे हवेत. बोटं एकमेकांना ऊब देतात.

एक गोष्ट इथली माणसं सांगणार नाहीत, कारण त्यांना ती सुचणारच नाही. कानातली कुडी, नाकातली चमकी, गळ्यातली साखळी, हे सगळं धातूचं असतं. उणे वीसमध्ये अर्धा तास उघड्या राहिलेल्या कुडीमुळे कानाची पाळी गोठायला लागते. लांब फिरायला जाताना दागिने काढून ठेवा. चेहऱ्याला क्रीम फासून हिमदंश टळत नाही. गाल झाकायला गळपट्ट्याची नळी हवी. मुलीला सैल टोकांचा मफलर मात्र घालू नका. घसरगुंडीवर तो अडकून गळा आवळला जाऊ शकतो, म्हणून बालवाडीतही नळीसारखी गळपट्टीच मागतात.

रोजच्या जगण्याची फार धास्ती घेऊ नका. ओउलूत जानेवारीचं सरासरी तापमान उणे दहाच्या आसपास असतं. उणे पंचवीस काही दिवसच येतं, आणि तेव्हाही शाळा, बस, दुकानं सुरळीत चालू असतात. (फिनलंडमधला नीचांक उणे ५१.५ अंशांचा आहे, २८ जानेवारी १९९९ रोजी कित्तिलाजवळच्या पोक्कामध्ये नोंदलेला. तो बराच उत्तरेला.) घरात २१-२२ अंश असतात, खिडक्यांना तिहेरी काचा, दारातच चपला-बूट काढायची पद्धत अगदी आपल्यासारखी. घरातली हवा मात्र इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, मुलांच्या नाकातून रक्त येतं. अशा वेळी ओले कपडे खोलीतच वाळत घाला.

माझ्या मते थंडीपेक्षा शून्याच्या आसपासचे दिवस जास्त अवघड. बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि फुटपाथवर काचेसारखा थर चढतो. मोडलेली मनगटं मी अशाच दिवसांत पाहिली आहेत, कडाक्याच्या थंडीत नाही. बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे पट्टे कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतात, ते पहिल्या आठवड्यातच घ्या. चालताना पावलं छोटी ठेवा आणि वजन पुढच्या पायावर असू द्या, बदक चालतं तसं.

सायकल आणणार असाल तर उत्तमच. या शहरात सायकलवाटांचं जाळं नऊशे किलोमीटरहून मोठं आहे आणि बर्फ पडला की त्या वाटा लगोलग साफ होतात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली इथेच भरली, आणि ते उगाच नव्हे. उणे वीसमध्ये दप्तर पाठीला लावून सायकलवर शाळेत जाणारी मुलं बघितली की आपली भीती आपोआप कमी होते. खिळ्यांचे टायर लावा, हवा थोडी कमी ठेवा आणि चालताना घालाल त्यापेक्षा एक थर कमी घाला. पुन्हा तोच घाम.

गाडी घेतलीत तर वाहनतळातल्या खांबांवरची विजेची पेटी कशासाठी असते ते शेजाऱ्याला विचारून घ्या. इंजिन गरम करण्यासाठी गाडीला तिथून वायर जोडतात. पेटीवरच्या घड्याळात निघायच्या दोन-तीन तास आधीची वेळ लावायची. ओउलूच्या उत्तरेला रेनडियर पाळण्याचा मुलूख सुरू होतो, आणि रेनडियर रस्त्यावर गाईगुरांइतकेच निवांत उभे असतात. एकापाठोपाठ दुसरा येणारच असं धरून चाला.

अंधाराबद्दल खरं सांगते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेदहाला उगवतो आणि दोनच्या सुमारास मावळतो. भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम दीड अंश वर असतो. त्या काळात आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व उन्हातून मिळणं शक्यच नाही, डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करा. आणि दुपारी अर्धा तास, काहीही झालं तरी, बाहेर पडा. नोव्हेंबर हा माझ्या मते वर्षातला सगळ्यात जड महिना: अंधार आहे, पण तो उजळवणारा बर्फ अजून नीट पडलेला नाही. तुम्ही नेमके तेव्हाच येताय. घरात बसून राहिलात तर जानेवारीपर्यंत मन उदास होईल. अंधारात चालताना कोटाला ‘हेइयास्तिन’ लावायचं, म्हणजे प्रकाश परतवणारा बिल्ला. तो कायद्यानेच सांगितलेला आहे, आणि मुलीच्या दप्तरालाही एक लावा.

मुलीची काळजी तुम्हाला सगळ्यात जास्त आहे हे प्रश्नावरून कळतं. माझा अनुभव असा की मुलं आपल्याआधी रुळतात. सहाव्या वर्षी ती ‘एसिकोउलू’ म्हणजे शाळापूर्व वर्गात जाईल आणि तिथे रोज बाहेर खेळायला नेतात. उणे पंधरा-वीसच्या आसपास वेळ कमी करतात, पण साध्या थंडीत कोणी घरात बसवत नाही. तिला दोनच गोष्टी घोकून शिकवा. लोखंडी खांबाला जीभ लावायची नाही. आणि मोजे ओले झाले तर लगेच बाईंना सांगायचं, लाजायचं नाही. आपल्या मुलांना ‘त्रास द्यायचा नाही’ असं शिकवलेलं असतं, म्हणून ती ओल्या मोज्यांत गप्प बसतात. इथे ते धोक्याचं आहे.

आता बर्फ. आपण मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण इथे ‘लुमी’ वेगळा आणि ‘याआ’ वेगळा. लुमी म्हणजे आभाळातून पडलेला भुसभुशीत, याआ म्हणजे पाण्याचा गोठलेला. तुमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर समुद्र असेल, आणि तो गोठेल. बोथनियाच्या आखाताच्या या टोकाला नद्यांचं गोडं पाणी इतकं मिसळतं की समुद्र दर हिवाळ्यात गोठतो. पूर्वी कडक हिवाळ्यात समोरच्या हायलुओतो बेटापर्यंत बर्फावरून गाड्यांचा अधिकृत रस्ताही सुरू व्हायचा. हे दृश्य पाहून सह्याद्रीतल्या माणसाला उडी मारून पुढे जावंसं वाटतं. थांबा. घट्ट, पारदर्शक, नवा बर्फ ५ सेंटिमीटर असेल तर एक माणूस चालू शकतो. स्नोमोबाइलला १५ लागतात, गाडीला २०. पण हे आकडे फक्त घट्ट बर्फाचे. नदीच्या मुखाशी, पुलाखाली, अरुंद सामुद्रधुनीत प्रवाहामुळे बर्फ खालून झिजतो आणि वरून काहीच कळत नाही. पाण्यात उगवलेल्या बोरूच्या दाटीशेजारीही तो कमकुवत असतो. वर जाड लुमी असेल तर तो गोधडीसारखं काम करतो आणि खालचा बर्फ वाढतच नाही. एप्रिलमध्ये तर अर्धा मीटर जाडीचाही भरवसा नाही, तो मेणबत्त्यांच्या जुडीसारखा उभा सुटतो.

पहिल्या वर्षी फक्त जिथे स्थानिक माणसांच्या ताज्या वाटा आहेत तिथेच जा. गळ्यात ‘याआनास्कालित’ हवेच: दोरीला बांधलेले दोन टोकदार खिळे, मुठीत धरायचे. पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट फक्त श्वास सावरण्यात घालवा, कारण गार पाण्याने धाप लागते आणि घाबरलं की पाणी नाकातोंडात जातं. त्यानंतर दहाएक मिनिटं हातपाय तुमचं ऐकतात. ज्या दिशेने आलात तिकडेच वळा, तिथला बर्फ नुकताच तुमचं वजन पेलून होता. खिळे रोवा, पोहल्यासारखे पाय मारा, पोटावर वर या आणि उभं न राहता लोळत लांब जा. हे आम्ही दर वर्षी दोरी बांधून, खड्डा करून, खरोखर पाण्यात उतरून शिकवतो. पहिली धाप अनुभवल्यावर माणूस कायमचा शहाणा होतो. संधी मिळाली तर दोघांनीही हे शिकून घ्या.

ट्रेकसाठी सह्याद्रीचं काय उपयोगी पडेल? नकाशा वाचणं, धुक्यात परत फिरण्याचा समजूतदारपणा, सोबतच्या दमलेल्या माणसाकडे लक्ष ठेवणं. हे सगळं जसंच्या तसं चालतं. काय सोडून द्यायचं? मध्यरात्री निघायची हौस, आणि ‘खाली उतरलं की कुठली तरी वाडी लागेलच’ हा भरवसा. इथे खाली उतरलं की दलदल लागते. शिवाय एक उलटा नियम लक्षात ठेवा. शांत, निरभ्र रात्री गार हवा जड होऊन खोलगट भागात साचते, म्हणून तळ्याकाठी आणि दरीत सर्वाधिक थंडी असते आणि टेकडीवर कधी कधी दहा अंशांनी कमी. आपल्याकडे गडावर गारठा आणि पायथ्याशी ऊब, इथे हिवाळ्यात बरेचदा उलटं. वारा सुटला की मात्र टेकडी सोडा. उणे २० मध्ये सेकंदाला १० मीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला तो उणे ३३ सारखा लागतो.

पहिल्या वर्षाचा माझा आराखडा असा. डिसेंबर-जानेवारीत शहरातल्या दिवे लावलेल्या स्की-वाटांवर शिका, कामावरून आल्यावर तासभर. पडाल, उठाल. तिथे घर जवळ असल्यामुळे घामाच्या चुका स्वस्तात होतात. फेब्रुवारीत रोकुआत दिवसभराची फेरी करा, लाआवूपाशी शेकोटी आणि जेवण. शेकोटीची जागा केलेली असेल तिथेच आग लावायची. इथे ‘योकामिएहेनओइकेउस’ नावाचा हक्क आहे, कोणाच्याही रानातून चालावं, स्की करावं, बोरं-अळंबी गोळा करावी, रात्रभर तंबूही ठोकावा. पण आग मात्र जमीनमालकाला विचारल्याशिवाय नाही.

मार्चच्या सुरुवातीला उत्तर फिनलंडच्या शाळांना स्कीची सुट्टी असते. तो आठवडा राखून ठेवा. या ऋतूला ‘केवातताल्वी’ म्हणतात, वसंत-हिवाळा. रात्री उणे १५, दुपारी शून्य, दिवस जवळपास बारा तासांचा, आणि उन्हाने वितळून रात्री गोठलेल्या बर्फावर सकाळी असा पापुद्रा तयार होतो की स्कीशिवायही पाय रुतत नाही. मला या भूमीचा लळा लागला तो या दिवसांमुळे. मुलीला घेऊन स्यूओते राष्ट्रीय उद्यानात जा, ओउलूच्या ईशान्येला, दीडेकशे किलोमीटरवर. तिथे स्प्रूस झाडांवर बर्फाचे इतके जाड थर चढतात की झाडं ओळखू येत नाहीत. भाड्याची झोपडी घ्या, चूल पेटवा, सकाळ-संध्याकाळ छोट्या फेऱ्या मारा.

उत्तरेतल्या ‘आउतिओतुपा’, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या फुकटच्या वनझोपड्या, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा. किलोपाआहून निघून उर्हो केक्कोनेन उद्यानात, रोवानिएमी मागे टाकून आणखी अडीचशे किलोमीटर. त्यांचा रिवाज मला फार भावतो: जो सगळ्यात शेवटी येतो त्याचा झोपायच्या जागेवर पहिला हक्क, कारण आधी आलेला विसावलेला असतो. आणि निघताना चुलीपाशी चिरलेली लाकडं आणि ढलप्या ठेवून जायच्या. पुढचा माणूस गारठलेल्या बोटांनी येणार असतो.

रानात खाण्याचं आपल्याकडचं बरंच उपयोगी पडतं. केळं उणे वीसमध्ये दगड होतं, चॉकलेट दातांना ऐकत नाही, पण तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, तुपातला चिवडा यांत पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे ते गोठत नाहीत आणि उष्मांक भरपूर. थालीपीठ घरी भाजून घ्या आणि लाआवूच्या जाळीवर गरम करा. पाण्याची बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. बर्फ वितळवून पाणी करताना भांड्यात आधी घोटभर पाणी हवं, नाहीतर भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. साध्या ब्युटेन गॅसची नळकांडी शून्याखाली पेटत नाहीत, पेट्रोलची शेगडी लागते. फोन आतल्या खिशात, अंगालगत. त्यात ‘११२ सुओमी’ हे अ‍ॅप असू द्या, त्यावरून फोन केला की तुमची जागा मदतकेंद्राला आपोआप कळते.

एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत राहा. गालावर पांढरा, मेणासारखा ठिपका दिसला की तिथे लगेच उघडा, उबदार तळवा ठेवा. बर्फाने चोळू नका, चोळण्याने कातडी फाटते. सोबतचा माणूस विनाकारण चिडायला लागला, अडखळायला लागला, शब्द नीट उच्चारेना, तर तो थकलेला नाही, त्याचं अंग आतून गार पडतंय. तिथेच थांबायचं, कोरडे कपडे, वाऱ्यापासून आडोसा, शुद्धीत असेल तर गोड गरम पेय, आणि ११२.

सामानात जागा असेल तर लाडवांसाठी तीळ-गूळ, भाजणीचं पीठ आणि खोबरेल आणा. सुती चादरी, सुती पायजमे घरात चालतात, तेही आणा. बाकी सगळं इथे. मुलांचे हिवाळी कपडे नवे महाग आहेत, पण मुलं वाढतात म्हणून ‘किर्प्पिस’मध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानांत, चांगले कपडे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. उतरल्यावर पहिल्याच शनिवारी तिथे जा आणि मुलीसाठी ‘तोप्पाहालारी’ घ्या, डोक्यापासून पायापर्यंत एकसंध, आत जाड अस्तर भरलेला पोशाख. रंग तिला निवडू द्या. माप एक नंबर मोठं घ्या, म्हणजे आत लोकरीचा थर मावेल आणि पुढचा हिवाळाही त्यातच निघेल.